नॉट नल मॅडम

आमच्या ऑफिसातली चहाची यादी मुजावर मॅडम ठेवत. भिंतीला चिकटवलेला एक कागद, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे एकच रकाना: साखर. त्यात 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. मी रुजू झालो त्या दिवशी माझ्या नावापुढे 'थोडी' असं लिहिलं. तासाभरात त्या शब्दावर रेघ मारलेली होती आणि मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या होत्या.

"थोडी म्हंजे हो का न्हाई?"

"थोडी म्हणजे कमी, मॅडम."

"चहावाल्याकडं किटल्या दोनच हायत. एक साखरेची, एक बिनसाखरेची. तिसरी कुठनं आणू?"

मी 'हो' लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि गेल्या. त्या ऑफिसात मी पाच वर्षं काढली आणि पाचही वर्षं गोड चहा प्यालो.

ऑफिस सांगलीच्या विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही नऊ माणसं. रक्तपेढ्या आणि लॅबोरेटऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं काम. मालकांना सगळे दादा म्हणत. मॅडम तेव्हा पन्नाशीच्या आसपास. मूळच्या आटपाडीच्या. आई तिकडे, या इथे एका खोलीत भाड्याने. शनिवारी दुपारची एसटी पकडून आईकडे जायचं आणि सोमवारी सकाळी थेट ऑफिसला यायचं, हा नेम. कॉलेजात कॉम्प्युटर त्या कधी शिकल्या नव्हत्या. अठरा वर्षं सांगलीतल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होत्या. तिथे आमचंच सॉफ्टवेअर होतं आणि त्यातल्या चुका त्या इतक्या वेळा फोन करून सांगत की शेवटी दादा म्हणाले, "ताई, तुम्ही इकडेच या." दादा हे वैतागून म्हणाले होते. मॅडमनी रुजू व्हायची तारीख विचारली.

'नॉट नल मॅडम' हे नाव त्यांना माझ्या आधीच पडलं होतं. माहिती साठवायचं टेबल बनवताना कुठल्या रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही, याच्या अटी आधीच घालून ठेवता येतात. हा रकाना रिकामा राहता कामा नये, ही त्यातली पहिली अट. तिला नॉट नल म्हणतात. हा नंबर पुन्हा येता कामा नये, ही दुसरी, युनिक. ठरलेल्या आठ रक्तगटांपैकीच एक हवा, नववा चालणार नाही, ही चेक. अशा अटी घातल्या की चुकीची माहिती कॉम्प्युटर आत घेतच नाही, दारातूनच परत पाठवतो. आम्ही पोरं आधी टेबल बनवून मोकळे व्हायचो आणि अटींचं पुढे बघू म्हणायचो. मॅडम कागदावर आधी अटी लिहीत, मग टेबल.

"घर बांधून झाल्यावर दार कुठं ठेवायचं इचारतंय का कोण?" असं त्या एकदा म्हणाल्या. आमच्यातल्या एकाने, त्याच्या काकांनी विचारलं होतं, असं सांगितलं. मॅडमनी काकांचं गाव विचारून घेतलं आणि कामाला लागल्या.

डिफॉल्टवर त्यांचा राग होता. रकाना कुणी भरलाच नाही तर कॉम्प्युटरने आपल्या मनाने जे भरायचं ते डिफॉल्ट. एका मुलाने रक्तगटाच्या रकान्याला 'ओ पॉझिटिव्ह' डिफॉल्ट ठेवला, कारण तोच जास्त लोकांचा असतो. मॅडमनी त्याला बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुझा गट कुठला?" तो म्हणाला, बी निगेटिव्ह. "मग तुला ओ पॉझिटिव्ह चढवू?" तो नाही म्हणाला. "डिफॉल्ट म्हंजे सभ्य खोटं," मॅडम म्हणाल्या. "म्हाईत न्हाई तर म्हाईत न्हाई म्हणावं. थांबावं."

आणखी एकदा, नवीन आलेल्या एका मुलीने मोठी चूक सापडल्याचं जाहीर केलं. जुन्या रक्तदात्यांपैकी निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून दिसत होती. तिने तीन तास घालवून प्रोग्रॅम उलटापालटा केला. मॅडम जेवून आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बग न्हाई. गुरुजी हायत." शाळेत घालताना वय सांगता आलं नाही की गुरुजी एक जून लिहून टाकत. मॅडमची स्वतःची तारीखही तीच होती. मुलीने विचारलं, मग खरी कुठली? मॅडम म्हणाल्या, "आई म्हणती, ज्वारी काढत हुते तवा."

रक्ताच्या पिशवीची नोंद करताना रक्तदात्याची नोंद आधी झालेली असलीच पाहिजे, अशीही एक अट होती. तिला फॉरिन की म्हणतात. आम्हाला ती जाचायची, कारण शिबिरात गर्दी असली की पिशव्या आधी टाकून माणसं मागाहून भरावीशी वाटत. मॅडमचं उत्तर ठरलेलं. "दाता न्हाई तर पिशवी आली कुठनं? आभाळातनं?"

एवढं वाचून वाटेल की बाई हट्टी होत्या, जिथे तिथे कुलूप लावणाऱ्या. मलाही बरेच दिवस तसंच वाटे. मग एका शिबिरात मी लॅपटॉप घेऊन नोंदणीला बसलो होतो. पस्तिशीच्या एक बाई आल्या. नाव झालं, वय झालं. पुढे 'पती किंवा वडिलांचे नाव'. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या." मी म्हणालो, भरल्याशिवाय पुढे जात नाही. मागे रांग वाढत होती. मी हळूच म्हणालो, "काहीही सांगा, मी टिंब टाकतो." त्यांचा चेहरा उतरला आणि त्या जायला वळल्या. मॅडम मागच्या टेबलावर पिशव्या मोजत होत्या. त्या उठून आल्या, बाईंना म्हणाल्या, "तुमी चला आत. झोपा. तुमचं कागदावर लिवून घेते." स्वतः त्यांच्या कॉटशेजारी बसून राहिल्या. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या रकान्याची सक्ती काढली. मी म्हणालो, "मॅडम, तुम्हीच म्हणता रिकामं चालणार नाही."

"गट रिकामा ठेवला तर माणूस मरतंय," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव रिकामं ठेवल्यानं कोण मरतंय? सक्ती करायची ती इचार करून करावी. बाकी ठिकाणी माणसाला गप बसायचा हक्क हाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती अट मीच घातली हुती. फॉर्मवर हुतं म्हणून घातली. इचार केला न्हवता."

मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्यांच्याकडून शिकू लागलो. त्यांनाही ते कळलं असावं. महिन्याभरात त्यांनी मला मुख्य डेटाबेसचे सगळे अधिकार दिले. म्हणजे मी टेबल बनवू शकत होतो, मोडू शकत होतो, अटी घालू शकत होतो आणि काढूही. अधिकार देताना त्या एवढंच म्हणाल्या, "तोडायच्या आधी इचार."

पंधरा दिवसांत मी न विचारता तोडलं.

झालं असं. आमच्या एका रक्तपेढीने बाजूच्या तालुक्यातलं एक छोटं केंद्र आपल्यात घेतलं. त्या केंद्राचा जुना डेटा आमच्या टेबलात आणायचा होता. दोन्हीकडे पिशव्यांना एकपासूनच नंबर दिलेले, त्यामुळे तेच नंबर दोन्हीकडे. आमच्या टेबलात पिशवीचा नंबर युनिक. शुक्रवारी मी डेटा ओतायला घेतला तर कॉम्प्युटर प्रत्येक वेळी परत पाठवी. मॅडम म्हणाल्या, "केंद्राचा नवा रकाना घाल. केंद्र आन् नंबर दोन्ही मिळून युनिक कर. पडद्यावरचे फॉर्म बी बदलावे लागतील. मंगळवारपर्यंत हुतंय." पण दादांनी रक्तपेढीला सोमवार सांगितला होता. आणि माझी नोकरी पक्की होणार की नाही, ते त्याच महिन्यात ठरणार होतं.

शनिवारी दुपारी मॅडम एसटीला गेल्या. मी युनिकची अट काढली. एका ओळीचं काम. डेटा सरसर आत गेला. नंतर मी अट परत घालायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, नंबर दुबार आहेत, अट घालता येत नाही. मी मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. सोमवारी दादांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "केंद्राचा रकाना घातलास?" मी म्हणालो, "हो."

तेवढं खोटं मी त्यांच्याशी बोललो. त्यांनी विश्वास ठेवला आणि तपासलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी रक्तपेढीतून फोन आला. तिथल्या टेक्निशियनने एक पिशवी स्कॅन केली होती. पिशवीच्या लेबलवर ओ पॉझिटिव्ह, पडद्यावर बी पॉझिटिव्ह. त्या मुलीने दोनदा स्कॅन केलं, पिशवी बाजूला ठेवली आणि कुणाला न विचारता सगळं वाटप थांबवलं. एकाच नंबरच्या दोन नोंदी होत्या आणि पडदा पहिली सापडेल ती दाखवत होता. त्या पेढीतली कुठली पिशवी कुणाची, याची आता कुणालाच खात्री नव्हती.

मॅडमनी टेबलाची रचना उघडली. युनिक नव्हतं. केंद्राचा रकानाही नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चल," म्हणाल्या. त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी गेलो. वाटेत सिग्नलला थांबल्या, हात दाखवून वळल्या, सगळं रोजच्यासारखं.

रक्तपेढीच्या बाकावर नऊएक वर्षांची मुलगी बसली होती. थॅलेसेमियाची. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त लागे. ती चित्राच्या वहीत हिरवा रंग भरत होती आणि दमून मधेच डोकं वडिलांच्या मांडीवर टेकत होती. वडील उठून आमच्याकडे आले.

"आवं, मशीन बंद पडलंय व्हय?"

मी 'हो' म्हणून मान हलवणारच होतो.

"मशीन चालू हाय," मॅडम म्हणाल्या. "चूक आमची हाय. नोंदी तपासून देतोय. दुपार हुईल. पोरीला कायतरी खायला द्या तवर."

मुलीच्या वडिलांनी रागवावं असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत. बाकावर जाऊन बसले आणि कापडी पिशवीतून केळं काढलं.

त्या पेढीतल्या प्रत्येक पिशवीचा गट पुन्हा तपासला गेला. मुलीची पिशवी पहिली घेतली. चारच्या सुमाराला तिला रक्त चढायला लागलं. लेबलं सगळी बरोबर निघाली, घोळ फक्त आमच्या नोंदींत होता. त्या दुरुस्त करायला तीन दिवस लागले. मॅडम जुनं रजिस्टर वाचत, मी पडद्यावर टाकी. ओळीमागून ओळ. आवाज बसला तरी त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्या आपणहून बोलल्या. नवीन टेक्निशियन असताना एका लेबलवर गटाचा रकाना रिकामा राहिला होता. पुढच्या-मागच्या सगळ्या पिशव्या ए गटाच्या होत्या, म्हणून त्यांनी त्यावरही ए लिहिलं. पुन्हा तपासायचा कंटाळा केला. ती पिशवी घाईत एका बाळंतिणीला लागली. बाईंना हुडहुडी भरली, डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि त्यांना मिरजेला हलवलं.

"मग?" मी विचारलं.

"फुडं काय झालं ते रजिस्टरात न्हाई. मी मिरजेला दोनदा जाऊन आले. त्या नावाचं कोण सापडलं न्हाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तवा कुणी इचारलं बी न्हाई मला, कुणी लिवलं म्हणून. इचारलं असतं तर बरं झालं असतं."

रक्तपेढीच्या डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला. दादांनी मसुदा केला: 'तांत्रिक बिघाडामुळे काही नोंदी दुबार दिसल्या.' मॅडमनी तो वाचून खाली ठेवला.

"बिघाड कुठं झालाय? कॉम्प्युटर तर सांगितलं तसंच वागला."

"ताई, तसंच लिहायची पद्धत असते."

मॅडमनी आपला कागद लिहिला. काय झालं, कसं झालं, किती नोंदी दुरुस्त केल्या. शेवटी दोन ओळी. पहिली: अट काढली, आणि पुढे माझं नाव. दुसरी: अट काढायचे अधिकार दिले व नंतर तपासले नाही, आणि पुढे त्यांचं नाव. त्याखाली त्यांनी सही केली होती आणि माझ्या सहीला जागा सोडली होती.

"पोराची नोकरी नवीन आहे," दादा म्हणाले. "त्याचं नाव कशाला?"

"नवीन हाय म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

मी सही केली. मला त्यांचा विलक्षण राग आला होता. आपल्याला पाठीशी घालतील अशी माझी खात्री होती. त्यांनी तसं केलं नाही, आणि स्वतःलाही पाठीशी घातलं नाही, हे मात्र मला तेव्हा दिसलं नाही. डॉक्टरांनी खुलासा वाचून फाइलला लावला, एवढंच. माझी नोकरी पक्की व्हायला आणखी एक वर्ष लागलं. ते वर्षभर मी मॅडमशी कामापुरतं बोललो. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या. त्याने मी आणखी चिडे.

दर मार्चला त्यांचा करार नवा होई. त्या घटनेनंतरच्या दुसऱ्या मार्चमध्ये तो झाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी अननसाचा केक आणला होता. दादा दोन शब्द बोलले. मॅडम म्हणाल्या, "आईचं वय झालंय. बरं झालं." सगळे त्यांना सोडायला खाली उतरले. मी फोनवर असल्याचं दाखवत खुर्चीतच बसून राहिलो. पलीकडे फोनवर कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी साताऱ्याच्या एका मोठ्या रुग्णालयात डेटाबेस सांभाळायची जागा निघाली. अर्जात आधीच्या वरिष्ठांचं नाव आणि फोन नंबर मागितला होता. दादांनी नाव द्यायला नकार दिला, कारण त्यांना मी जायला नको होतं. दुसरं नाव एकच होतं. मी ते लिहिलं आणि नोकरी गेली असं समजून मुलाखतीला गेलो.

मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरबाईंच्या समोर एक कागद होता. त्या म्हणाल्या, "मुजावर मॅडमशी बोलणं झालं. तुम्ही एकदा रक्तपेढीच्या टेबलातली अट काढून टाकली होती, असं त्यांनी सांगितलं."

मी हो म्हणालो.

"आणि नंतर तीन दिवस तिथे बसून एकेक नोंद दुरुस्त केलीत. सही करायला सांगितल्यावर निमित्त सांगितलं नाही. हेही सांगितलं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "बाकीच्या उमेदवारांबद्दल सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय. त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. तुम्ही कधी रुजू होऊ शकाल?"

त्या रविवारी मी आटपाडीला गेलो. मॅडमचं घर विचारत विचारत सापडलं. पुढे डाळिंबाची चार झाडं, ओट्यावर त्यांची आई उन्हाला बसलेली. मॅडम जरा वाळल्या होत्या. मी पेढे दिले. त्यांनी आधी आईला दिला, मग स्वतः घेतला आणि पगार, राहायची सोय, जेवणाचं काय, सगळं एका दमात विचारून घेतलं.

मी वाटेत पाठ केलेलं बोललो. तुमच्याशी खोटं बोललो, वर्षभर अबोला धरला, निरोपाला खाली आलो नाही. तिन्ही गोष्टी क्रमाने.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू फोनवर न्हवतास, ते मला दिसत हुतं. वाईट वाटलं. आता झालं ते."

'काही वाटलं नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं.

भाकरी आणि मुगाची आमटी जेवून निघालो. त्या स्टँडपर्यंत चालत आल्या. एसटीला वेळ होता. कडुलिंबाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो.

"तिथं हाताखाली किती जण हायत?" त्यांनी विचारलं.

"चार. दोघं अगदी नवीन."

त्यांनी स्टँडात शिरणाऱ्या एका गाडीची पाटी वाचली.

"त्यांना चुकायला जागा ठेव," त्या म्हणाल्या. "लपवायला ठेवू नको."

गाडी लागली. त्यांनी मला खिडकीची जागा धरायला सांगितलं आणि मी बसलेलो पाहून घराकडे चालू लागल्या.